मिहानमध्ये नोकरी, बेसाला फ्लॅट आणि बोलायला कोणी नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 31, मूळ गाव पुसद, लग्न झालेलं नाही. सहा वर्षं पुण्यात काढल्यावर आईवडिलांच्या जवळ राहावं म्हणून वर्षभरापूर्वी नागपूरला बदली घेतली. ऑफिस मिहान या नागपूरच्या उद्योग-आयटी वसाहतीत, राहणं बेसा या उपनगरात, टू बीएचकेमध्ये एकट्यानं. टीम हैदराबाद आणि चेन्नईला, त्यामुळे दिवस हेडफोन लावूनच जातो. मजल्यावर चाळीसेक लोक असतात, पण डबा मोबाईल बघत संपतो. ‘शनिवार-रविवारी दूधवाला सोडला तर कोणाशी एक शब्द होत नाही. मी मुळातच माणूसघाणा आहे का? या वयात ऑफिसात मैत्री करतात तरी कशी? की सरळ पुण्याला परत जाऊ?’

माणूसघाणे तुम्ही नक्कीच नाही. माणूसघाण्याला मोकळा रविवार मिळाला की हायसं वाटतं, तुम्हाला तो खायला उठतो. बाकी दोन प्रश्नांना जरा वेळ लागेल.

मी नागपुरात समुपदेशन करते आणि बुटीबोरी, हिंगणा, मिहानमधल्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांशी बोलायलाही जाते. तुमची तक्रार घेऊन येणाऱ्या जवळपास प्रत्येकाला आधी कोणीतरी सांगितलेलं असतं, ‘बाहेर पड, लोकांत मिसळ.’ तो बाहेर पडतो, मिसळतो आणि आणखी हिरमुसून परत येतो. म्हणून मी वेगळं सांगते. मित्र शोधायच्या मागे लागू नका. आठवड्यातली दोन ठिकाणं अशी धरा, की तिथं तुम्ही एखाद्या दिवशी दिसला नाहीत तर कोणीतरी विचारेल, ‘आज आला नाही का तो?’ सध्या अशी एकही जागा तुमच्याकडे नाही. तुमच्या प्रश्नातली दुखरी नस तीच आहे, चाळीस माणसं ओळखीची नसणं ही नव्हे.

थोडं निदानाविषयी. रॉबर्ट वाइस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1973 मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एकात जिवाभावाचं एक माणूस नसतं. दुसऱ्यात आपला असा गोतावळा नसतो. या दोन उणिवा एकमेकींनी भरून निघत नाहीत, हे त्यांचं म्हणणं मला रोज पटतं. संसारात सुखी असलेली बाई नव्या गावात नवऱ्याची बदली झाली की रडकुंडीला येते, आणि मित्रांच्या गराड्यात बसलेला विधुर घरी जायला नको म्हणतो. तुम्ही लिहिलंय की आईशी रोज बोलणं होतं, आणि पुण्याच्या एका मित्राला मनातलं सगळं सांगता. म्हणजे पहिली बाजू तशी शाबूत आहे, गोतावळा गेलाय. त्यामुळे त्या मित्राला तासभर जास्त फोन करून फरक पडणार नाही. मॅट्रिमोनी साइटवर नाव घातल्यानंही नाही. ‘लग्न कर, सगळं ठीक होईल’ म्हणणारे नातेवाईक पुसदला असतीलच. लग्न करायचं तर जरूर करा, पण या दुखण्याचा इलाज म्हणून करू नका. येणाऱ्या मुलीवर चाळीस माणसांची जागा भरायची जबाबदारी पडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानं 2025 मध्ये दिलेल्या अहवालात जगातल्या दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो असं म्हटलंय. हे सांत्वनासाठी सांगत नाही. त्या हिशेबानं तुमच्या मजल्यावरच्या चाळिसात आणखी पाचसहा जण मोबाईल बघत डबा संपवत असणार. दुपारी एकदा मान वर करून बघा, दिसतील.

आता एक अडचण. एकटेपणा रेंगाळला की मन सावध होतं. शिकागो विद्यापीठाचे जॉन कॅसिओपो यांनी अनेक वर्षं या विषयावर काम केलं. कळपातून सुटलेलं जनावर जसं प्रत्येक खसफशीला कान टवकारतं, तसं एकटं पडलेलं मन समोरच्याच्या वागण्यात धोका शोधू लागतं, असं त्यांच्या मांडणीचं सार आहे. टीम लीडनं चॅटवर नुसतं ‘ओके’ टाकलं, म्हणजे चिडला. पॅन्ट्रीत शिरलो आणि दोघं हसायचे थांबले, म्हणजे माझ्यावरच हसत होते. बोलायला गेलो आणि तो दोन मिनिटांत उठला, म्हणजे मी त्याला बोअर केलं. त्याला मीटिंग असेल ही शक्यता मनात येतच नाही. मग माणूस आधीच आखडतं घेतो, कोरडं उत्तर देतो, आणि समोरच्याला वाटतं की यालाच बोलायचं नाही. एकटेपणावरच्या उपायांचा मोठा आढावा 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. भेटीगाठींच्या संधी वाढवण्यापेक्षा हे उलटं वाचन दुरुस्त करणारे उपाय जास्त लागू पडले, असं त्यात दिसलं. ‘लोकांत मिसळ’ हा सल्ला एकटा का पुरत नाही, त्याचं उत्तर इथं आहे.

यावर मी एक साधं काम देते. रात्री त्या दिवसातला एकच प्रसंग वहीत लिहायचा, दोन ओळींत. पहिल्या ओळीत जे दिसलं किंवा ऐकू आलं तेवढंच. दुसऱ्या ओळीत आपण त्याचा लावलेला अर्थ. ‘लिफ्टमध्ये शेजारच्या टीमचा मुलगा भेटला, हसला नाही.’ ‘मला टाळतो.’ काही आठवड्यांनी वही उघडली की पहिल्या आणि दुसऱ्या ओळीतलं अंतर बघून माणसाला स्वतःलाच हसू येतं. अनोळखी माणसांच्या गप्पांवर 2018 मध्ये झालेल्या प्रयोगांतही हेच दिसलं. गप्पा संपल्यावर समोरच्याला आपण जितके आवडलो असं लोकांना वाटतं, त्यापेक्षा ते प्रत्यक्षात जास्त आवडलेले असतात. बोलून आल्यावर ‘उगाच बोललो’ ही जी चुटपुट लागते, ती म्हणून फारशी मनावर घेऊ नका.

आता ऑफिस. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये मैत्रीला लागणाऱ्या तासांचा हिशेब मांडला. नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला साधारण 50 तास, खरी मैत्री व्हायला 90, आणि जिवलग व्हायला 200 च्या वर. त्यातली मेख अशी की एकत्र काम करण्यात गेलेले तास फारसे मोजले जात नाहीत. कामाविना बसलेले, टिंगलटवाळीत गेलेले, खाण्यापिण्याचे तास मोजायचे. म्हणजे हैदराबादच्या टीमबरोबर वर्षभर कॉलवर असूनही कोणी जवळचं वाटत नाही, यात तुमची काही उणीव नाही. उलट रोज अर्धा तास एकाच माणसासोबत डबा खाल्ला, तर आठवड्याचे अडीच तास होतात आणि पन्नास तासांना वीस आठवडे लागतात. आषाढात सुरुवात केलीत तर साध्या मैत्रीला दिवाळी उलटते. दोन आठवड्यांत ‘जमत नाही’ म्हणणाऱ्यांना मी हा गुणाकार कागदावर करून दाखवते.

पण पहिला डबा उघडायचा कोणासमोर? ‘मी तुमच्यासोबत बसू का?’ हे वाक्य मोठ्या माणसाच्या तोंडून निघत नाही, आणि ओढूनताणून काढूही नये. त्यापेक्षा छोटी मदत मागा. मदत देऊ केली की समोरचा संकोचतो. मागितली की तो मोठा होतो, आणि नागपुरी माणसाला रस्ता, डॉक्टर किंवा खाण्याची जागा विचारली तर तो गाडी बाजूला लावून सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलानं मायक्रोवेव्हपुढच्या रांगेत शेजारच्या टीममधल्या ताईंना विचारलं, ‘मॅडम, बेसाकडं घरगुती डबा कोणी देते का?’

‘काहून? तू रोज बाहेरचंच खाऊन राहिला का?’

‘हो नं. पोटाची वाट लागली.’

‘थांब, माझ्या जावेच्या मैत्रिणीची आई देते. नंबर उद्या आणते. अन् आज हे घे, झुणका आहे.’

इथपर्यंत बरेच जण पोचतात. त्यानं पुढचं पाऊलही टाकलं. डबा लावला आणि तिसऱ्या दिवशी ताईंच्या टेबलाशी जाऊन सांगितलं, ‘काकूंची भाकर एकदम मस्त आहे, फक्त वरण जरा पातळ करतात.’ ताईंनी वरणावर दहा मिनिटं घेतली. पुढच्या आठवड्यापासून त्या जेवायला उठताना त्याच्या खुर्चीला टिचकी मारू लागल्या. मदत घेतल्यावर तिचं पुढं काय झालं हे परत जाऊन सांगणं, ही गोष्ट लोक हमखास विसरतात. पहिल्या बोलण्यात फक्त ओळख होते. दुसऱ्यांदा गेलं की धागा बांधला जातो.

जागेचाही विचार करा. 1950 मध्ये फेस्टिंजर, शाक्टर आणि बॅक या तिघांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थी वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणाची कोणाशी मैत्री होते हे स्वभावापेक्षा घराचं दार कुठं उघडतं यावर ठरत होतं, आणि जिन्याजवळ राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावरही ओळखी होत्या. तुमच्याकडे रोज जागा बदलत असेल तर मुद्दाम रोज तीच जागा घ्या, पॅन्ट्री किंवा पाण्याच्या मशीनजवळची. कोपऱ्यातली शांत जागा कामाला चांगली, पण सध्या तुमच्या तब्येतीला ती मानवणारी नाही. दिवसातला निदान एक तास हेडफोन गळ्यात असू द्या, कानावर नको. कानावर हेडफोन असलेल्या माणसाला कोणी चहाला हाक मारत नाही. बाकीचे शिष्ट असतात असं नाही, त्याला त्रास नको म्हणून गप्प राहतात.

हैदराबाद-चेन्नईवाल्यांना पूर्ण सोडू नका. कॉल संपला, सगळे गेले, की एकाला म्हणा, ‘दोन मिनिटं थांबतोस का?’ आणि त्यानं केलेल्या एखाद्या कामाविषयी विचारा, हे कसं जमवलंस म्हणून. तेवढ्यानं पुढचा महिना सोपा जातो. त्यापलीकडे त्यांच्याकडून अपेक्षा नको. ते तुमच्यासोबत पोहे खाऊ शकत नाहीत.

बेसाहून तुम्ही गाडीवर एकटे जाता. त्या बाजूनं मिहानला जाणारं ऑफिसात आणखी कोणी नक्की असेल. एकाच गाडीवर गेलात तर हेल्मेटमध्ये गप्पा होत नाहीत हे खरं, पण निघताना गेटवर थांबणं आणि पोचल्यावर पार्किंगमधली पाच मिनिटं होतातच. मुख्य म्हणजे सकाळी तुमची वाट बघणारं एक माणूस तयार होतं. बुटीबोरीच्या कारखान्यांत शिफ्टच्या बसमध्ये मी हे नेहमी बघते. जागा ठरलेल्या असतात, आणि एखादा आला नाही तर ड्रायव्हर गाडी सुरू करण्याआधी मागं वळून विचारतो. आयटीतल्या मुलांना गलेलठ्ठ पगार आहे, पण हे विचारणं त्यांच्या वाट्याला येत नाही.

फन फ्रायडे, रिसॉर्टवरचं टीम बिल्डिंग, फुगे फोडायचे खेळ यांच्यावर माझा फारसा भरवसा नाही. ज्यांचे आधीच गट आहेत ते अधिक घट्ट होतात, आणि एकटा माणूस दिवसभर फोटो काढण्याचं काम करतो. कंपनीच्या लोकांनी मला विचारलं तर मी दोनच गोष्टी सांगते. दुपारी एक ते दोन मीटिंग ठेवू नका, आणि नवा माणूस आला की पहिला आठवडा तो कोणासोबत जेवणार ते नाव घेऊन ठरवा. यात पैसे जात नाहीत, म्हणूनच बहुधा बजेटमध्ये बसत नाही!

ऑफिसातल्या मैत्रीत एक जपायला हवं. दोन माणसं सगळ्यात पटकन जवळ येतात ती तिसऱ्याच्या चुगलीवर. ती मैत्री भज्यासारखी गरम असते तोवरच बरी, मग तुमच्याविषयीही तिसरीकडे बोललं जातं. पगार आणि अप्रेझल यांच्यापासूनही सुरुवातीला लांब राहा. आणि सगळी अंडी ऑफिसच्या टोपलीत नकोत. प्रोजेक्ट बदलतो, माणसं कंपनी सोडतात, बरोबरीचा मित्र एका सकाळी तुमचा लीड होतो. नोकरी गेली की मित्रही गेले, अशी दुहेरी वेळ आलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून दुसरं ठिकाण ऑफिसबाहेर हवं.

महाल-इतवारीत राहत असता तर निम्मं काम गल्लीनंच केलं असतं. तिथं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे वाईट गोष्टींचा पुतळा, मिरवत निघते, काळी 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून, आणि तिच्यासोबतचे बडगे, म्हणजे छोटे पुतळे, करायला पोरांची फौज लागते. ओट्यावरचे आजोबा दोन दिवस न दिसलेल्या पोराची चौकशी करतात, कधीकधी नकोशी वाटेल इतकी. बेसा, मनीषनगर, बेलतरोडीकडच्या नव्या फ्लॅट स्कीममध्ये गेटवर वॉचमन आहे, लिफ्ट आहे, आणि समोरच्या फ्लॅटवर फक्त आडनाव आहे. तिथं गल्ली आपण होऊन येत नाही, तिच्यात काम घेऊन शिरावं लागतं.

तुमच्या सोसायटीत गणपती बसत असेल तर त्याची मीटिंग आता होईलच. वर्गणी देऊन मोकळे होऊ नका, वर्गणीचं पुस्तक मागून घ्या. ते काम कोणालाच नको असतं, त्यामुळे तुम्हाला लगेच मिळेल. पुस्तक हातात असलं की साठ दारं वाजवायचा परवाना मिळतो. एका दारात चहा, एका दारात ‘मागच्या वर्षीचा हिशेब कुठं आहे?’, एका दारात पुसदच्या बाजूचंच कोणी निघतं. लाजऱ्या माणसाला गप्पांसाठी दार वाजवता येत नाही, पावती फाडायला वाजवता येतं. मग हिशेबही तुम्हीच लिहा. हिशेब लिहिणाऱ्याला दहा दिवस कोणी विसरत नाही.

गणपती नको असेल तर दुसरं काही घ्या, फक्त त्यात हाताला काम हवं आणि वेळ ठरलेली हवी. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला देशभरातून लोक येतात तेव्हा शहरभर पाणी आणि जेवण वाटणारी मंडळं उभी असतात, आणि त्यांना माणसं कमीच पडतात. विसर्जनाच्या दिवसांत टाक्यांजवळ निर्माल्य गोळा करणाऱ्या तरुणांनाही तसंच. वाचनाची आवड असेल तर सीताबर्डीला विदर्भ साहित्य संघ आहे, 1923 पासूनचा. तिथल्या कार्यक्रमांना नुसते श्रोते म्हणून जाऊ नका, आधी जाऊन खुर्च्या मांडायला हात लावा. अंबाझरी किंवा सेमिनरी हिल्सला सकाळी फिरणारे गट आहेत, त्यांचं फिरणं कमी आणि नंतरचे तर्री पोहे जास्त, तेही चालेल. बॅडमिंटनला पैसे भरून तासाचा स्लॉट घ्या, पण तो चौघांत. एकट्यानं जिम लावू नका. तिथं आरशातल्या स्वतःशीच गाठ पडते.

हंगामाचं भान ठेवा. आमच्याकडे येणाऱ्या एकटेपणाच्या बऱ्याच केसेस एप्रिल-मेमध्ये बिघडतात. पारा 45 ला टेकला, मेअखेरचा नऊ दिवसांचा नवतपा सुरू झाला, की दुपारी चिटपाखरू नसतं, आणि शनिवार-रविवार कूलरसमोर पडून जातो. म्हणून जे काही धराल ते उन्हाळ्यातही चालणारं असू द्या, पहाटेचं किंवा छताखालचं. फेब्रुवारीत सुरू झालेलं फिरणं मेमध्ये बंद पडतं, आणि माणूस परत शून्यावर येतो.

कुठंही गेलात तरी सात-आठ वेळा गेल्याशिवाय मत बनवू नका. पहिल्या दोनतीन वेळा अवघडल्यासारखं होणारच, सगळ्यांचं होतं. पुण्यात राहून तुम्ही बोलणं जरा मोजूनमापून करायला शिकलात असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. तिथं ‘येऊन राहिलो’ म्हटल्यावर कोणी हसलं असेल. इथं त्याची गरज नाही, पुसदचं बोलणं बिनधास्त बाहेर काढा.

एक तपासणी मात्र आधी करून घ्या. झोप उडाली असेल किंवा सारखी येत असेल, भूक मेली असेल, आधी आवडणाऱ्या गोष्टीतही मन लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर हा नुसता एकटेपणा राहिलेला नाही. शनिवारी रात्री एकट्यानं पिणं वाढत चाललं असेल तर तेही सांगायला हवं. अशा वेळी वर्गणीच्या पुस्तकानं भागत नाही, मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत ओपीडी आहे, एम्स तर तुमच्या मिहानमध्येच आहे. जगणं नकोसं झाल्याचा विचार एकदाही आला असेल तर उद्यावर ढकलू नका. टेली-मानसचा 14416 हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

राहिलं पुणं. तिथं तुम्ही कसे राहत होता ते आठवा. तुम्हीच लिहिलंय, कोथरूडला चौघं एका फ्लॅटमध्ये, रात्री मेसवर एकत्र. तिथली मैत्री पुण्यानं दिली नव्हती, एका बाथरूमपुढच्या रांगेनं दिली होती. त्या चौघांतले दोघं आता बंगळुरूला आहेत आणि एकाला मूल झालंय. परत गेलात तर बाणेरला टू बीएचके घेऊन एकटेच राहाल, आणि पुसद आणखी लांब पडेल. कामात पुढं जाण्यासाठी जायचं असेल तर ती गोष्ट निराळी. नाहीतर दिवाळीपर्यंत थांबा, तोवर तासांचा हिशेब चालू द्या.

आणि बेसाच्या फ्लॅटमधली दुसरी खोली रिकामी का ठेवलीय? फ्लॅटमेट घ्या. या वयात पुन्हा शेअरिंग म्हणजे कमीपणा, असं वाटत असेल तर ते विसरा. ऑफिसच्या ग्रुपवर टाका, आणि कोणी तयार झालं की भाड्याचं बोलण्याआधी त्याची शिफ्ट कोणती ते विचारा. तुम्ही निजल्यावर येणारा आणि तुम्ही उठण्याआधी जाणारा फ्लॅटमेट काही उपयोगाचा नाही.